निकाली न निघणारं दुखणं

पाहुणे येणार म्हटलं की प्रत्येक घरात काही ना काही लपवलं जातं. फाटकी गोधडी कोपऱ्यात सारली जाते, कान तुटलेला कप फडताळात मागं जातो, दारुड्या काकाचं नाव त्या दिवशी कोणी काढत नाही. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच घरचा हा रिवाज आहे, आणि त्यात फार लाजण्यासारखंही काही नाही. पण जव्हारच्या देवराम कारकुनाच्या घरी, १९५५ सालच्या माघातल्या त्या रविवारी, लपवायचं होतं ते एक जितंजागतं माणूस होतं. ते माणूस म्हणजे देवरामची बायको गोदा.

"पाहुणे दोनच्या गाडीनं येतील," काशीआक्कानं मागच्या पडवीच्या उंबऱ्यातूनच सांगितलं. आक्का म्हणजे देवरामची थोरली विधवा बहीण. घराच्या किल्ल्या आता तिच्या कमरेला होत्या. "ते जाईस्तोवर खोकू नको, भांडं वाजवू नको. तू दाभोशाला माहेरी गेलीस असं सांगणार आहे मी."

"आक्का, माझ्याच लेकीची सुपारी आहे हो आज."

"म्हणून तर सांगते! मोखाड्याच्या गुरुजींचं घर आहे. आईला असलं दुखणं आहे हे कळलं तर कोण करील आपल्या कमूला? आईचं लेकीत उतरतं म्हणतात लोक."

एवढं बोलून आक्कानं भाकरीचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवलं. आक्का वाईट बाई नव्हती. भाकरी नेहमी गरम असायची, वर कोरड्यासही चांगलं असायचं. फक्त ते ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा होता, लुगडं वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी होती.

तीन वर्षांपूर्वी गोदाच्या छातीत गाठ आली. वैदू झाले, भगत झाले, कोंबडं झालं, आणि शेवटी देवरामनं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ऑपरेशन झालं, एका बाजूचं स्तन काढावं लागलं. निघताना डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "हा कॅन्सर आहे. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो कुणाला होत नाही. पण तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. तेव्हा दुखो न दुखो, दर चार महिन्यांनी दाखवायला यायचं. हे बरीच वर्षं चालणारं काम आहे." देवरामनं मान डोलावली होती. पण घरी आल्यावर आक्कानं "पुन्हा डोकं वर काढू शकतो" एवढंच ऐकलं आणि गोदाचं अंथरूण पडवीत हलवलं. देवरामनं तिला अडवलं नाही. शेजारीपाजारी विचारलं तर "पोटाचं ऑपरेशन झालं" असं सांगायचं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे देवरामचं आवडतं वचन होतं.

दोन वेळा तो तिला मुंबईला घेऊन गेला. तिसऱ्या खेपेची तारीख आली तेव्हा मात्र त्यानं दवाखान्याचे सगळे कागद गोळा केले आणि एका तांबड्या रुमालात बांधले. इथं देवरामच्या कामाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. जव्हार संस्थान विलीन झालं, राजाची कचेरी मामलेदार कचेरी झाली, आणि संस्थानच्या जुन्या दप्तराची छाननी करायचं काम देवरामकडे आलं. प्रत्येक कागद वाचायचा. त्यावर काही करायचं उरलं असेल तर तो पांढऱ्या रुमालात, चालू कामात. काही उरलं नसेल तर तांबड्या रुमालात, निकाली. सात वर्षं हेच करून करून त्याच्या डोक्यातही दोनच रुमाल उरले होते.

"अहो, तारीख आलीय ना?" गोदानं तेव्हा विचारलं होतं.

"कशाला आता? गाठ काढली, जखम भरली, तू हिंडतेफिरतेस. काम निकालात निघालं, गोदा. उगीच उकरून काढू नये."

आणि तो रुमाल माळ्यावर गेला. त्याला दीड वर्ष झालं होतं.

आता गंमत पाहा. घराच्या मते गोदा बरी झाली होती, म्हणून तिला मुंबईला न्यायची गरज नव्हती. आणि घराच्याच मते ती मरणाच्या वाटेवर होती, म्हणून तिला चुलीपाशी येऊ द्यायची गरज नव्हती! जिवंत माणसांत तिची गणती नव्हती आणि मेलेल्यांतही नव्हती. पडवीला खिडकी नव्हती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला ओटीची कुडाची भिंत. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली ती भिंत माणसाला अडवते, पण आवाजाला अडवत नाही. पलीकडे आक्का कमूची वेणी घालत होती, आणि "हलू नको, भांग वाकडा पडतोय" हे तिचं बोलणं गोदाला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. कमूच्या केसांना तिनं तीन वर्षांत हात लावला नव्हता.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, दिवाळीत न्हाताना तिच्या हाताला काखेत एक बारीक गाठ लागली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

बाराच्या सुमारास मागच्या दारानं पोशी आली. पोशी जवळच्या पाड्यावरची. घरात कार्य असलं की पत्रावळींसाठी पळसाची पानं आणून देणारी. पानांचा भारा तिनं गोठ्यापाशी टाकला आणि सरळ आत येऊन गोदाच्या अंथरुणावर बसली. या घरात तसं बसणारी ती एकटीच होती.

"काय गं बाय, घरात एवढी धावपळ नि तू इथं कोंडलेली?"

"मी माहेरी गेलेय म्हणे आज," गोदा म्हणाली आणि तिला एकदम भरून आलं. किती दिवस गिळून ठेवलेलं ते तोंडाशी आलं. तिनं पोशीचा हात धरला आणि काखेत नेऊन ठेवला. पोशीनं बोटानं चाचपून पाहिलं. तिचा चेहरा गंभीर झाला, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"कंदीपासून?"

"दिवाळीपासून."

"नि मालकाला सांगितलं नाय?"

"कसं सांगू? सांगितलं तर मुंबई आली, गावभर बोभाटा आला, कमूचं लग्न मोडलं. नाही सांगितलं तर ही आत वाढतेय. इकडे आड, तिकडे विहीर झालंय माझं. वैशाखात लग्न आहे, ते होऊ दे. मग सांगेन."

"वैशाखात! नि ही गाठ वैशाखापत्तुर थांबंल का? कमूचं लगीन हाय म्हून?"

गोदा हळूच म्हणाली, "आणि जाऊन तरी काय होणार गं? एवढं कापलं, तरी परत आलीच ना? असल्या रोगाला इलाज नाही म्हणतात ते काय खोटं आहे?"

पोशी तिच्याकडे वळली. "बाय, तू दाभोशाची. डोंगरावर नागली लावलीस का नाय?"

"लावली की. लग्नाआधी दर साल."

"मंग निंदणी एकदाच करायचीस? आषाढात निंदलं, श्रावणात गवत परत आलंच. तवा तुझा बाप काय म्हनला, गवत परत आलं, आता शेत सोडा, चला घरी?"

गोदाला त्या परिस्थितीतही हसू आलं. "बाप काठी घेऊन मागं लागायचा. परत निंदायला लावायचा."

"तेच सांगतंय मी. गवत काय मरत नाय. आपून निंदत राहायचं नि नागली खायची. जो निंदायचं सोडतो त्याचं शेत जातं. तुझ्या मालकानं एकदा निंदलं नि घरी जाऊन बसला."

"पण कमूचं लग्न..."

"कमूचं लगीन, कमूचं लगीन! लगनात तू नसणारच, तुला माहेरी पाठवलीय ना? उद्या कमूला लेकरू व्हईल. तवा तिला आय लागंल का गुपित लागंल?"

पोशी उठली, पानं घेऊन पुढं गेली. ओटीवर आक्कानं तिला "एवढा वेळ मागं काय करत होतीस?" असं विचारलेलं गोदानं ऐकलं. ती मात्र तिथंच बसून राहिली. आई की गुपित, आई की गुपित, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दोन वाजता पाहुणे आले. मोखाड्याचे लक्ष्मण गुरुजी आणि त्यांच्या पत्नी राहीबाई. मुलगाही शिक्षकच, पण शाळेचे पेपर तपासायचे असल्यानं तो आला नव्हता. गूळपाणी झालं. कमू पाया पडून गेली. राहीबाईंना मुलगी पसंत आहे हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. मग त्यांनी सहज विचारलं, "कमूच्या आई दिसल्या नाहीत?"

"ती होय? ती दाभोशाला गेलीय माहेरी," आक्का म्हणाली. "भाऊ आजारी आहे तिचा."

देवराम नेमका त्या वेळी आत सुपारीचं तबक आणायला गेला होता. आतून त्यानं राहीबाईंचा प्रश्न तेवढा ऐकला होता, म्हणून बाहेर आल्याआल्या तो म्हणाला, "कमूच्या आईला थंडीताप आहे. आत झोपलीय. उठवत नाही आता."

खोटं बोलायचं तर निदान घरात एकमत हवं! आक्कानं देवरामकडे पाहिलं, देवरामनं आक्काकडे पाहिलं. गुरुजींनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"देवरामभाऊ," ते शांतपणे म्हणाले, "आई दाभोशाला आहे की आत आहे?"

कुडाच्या अलीकडे गोदानं ते ऐकलं. आता गप्प बसलं तर दोघं मिळून तिसरं खोटं रचतील, आणि ते निभावण्यासाठी तिला आणखी तीन महिने या अंधारात मुकाट बसावं लागेल, हे तिला लख्ख दिसलं. तिनं पदर सारखा केला. पडवीचं दार उघडलं. आणि ती ओटीवर आली.

"मी इथंच आहे," ती म्हणाली. "मी माहेरी गेले नाही, आणि मला थंडीतापही नाही. मला कॅन्सर आहे. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. आता काखेत परत गाठ आलीय. हे ऐकून तुम्हाला सोयरीक नको वाटली तर जरूर मोडा, पण माझ्या लेकीत काही खोट नाही. माझं दुखणं झाकून तिला तुमच्या घरी पाठवायची, हे मला जमणार नाही!"

"गोदे!" देवराम ओरडला. आक्कानं कपाळाला हात लावला. गाठीचं देवरामलाही आत्ताच कळत होतं. त्याचा आवाज चढला तसाच विरला. "परत गाठ? कधी आली? मला का नाही सांगितलंस?"

"काम निकालात निघालं म्हणाला होतात. मग सांगायचं कुणाला?"

लक्ष्मण गुरुजी उठून उभे राहिले. त्यांनी टोपी हातात घेतली. झालं, आता हे ओटी उतरणार असंच सगळ्यांना वाटलं. कमू दारामागं रडत होती. पण गुरुजी गेले नाहीत. टोपी हातात धरून ते तसेच उभे होते, आणि राहीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"सांगा की आता," राहीबाई म्हणाल्या. "त्या माउलीनं सांगितलं. तुम्ही पुरुष असून नाही सांगवत?"

गुरुजी पुन्हा बसले. "माझी धाकटी बहीण सकू," ते म्हणाले. "तिच्या तोंडात जखम झाली. भरेना. कुणीतरी म्हणालं, हा कॅन्सर, हा घराण्याला बट्टा. आम्ही तिला गोठ्याशेजारी ठेवली. मी शिक्षक आहे हो, रोज फळ्यावर सुविचार लिहितो! पण तिला दवाखान्यात न्यावं असं मला वाटलं नाही. लोक काय म्हणतील हेच वाटलं. दीड वर्ष ती तिथं होती. गेली. आणि आज इथं येताना मी राहीला गाडीत बजावलं की सकूचा विषय काढू नको, मुलीकडच्यांना कळलं तर नकार येईल!"

वाचकहो, एका घरानं आपल्या माणसाला पडवीत लपवलं, दुसऱ्या घरानं गोठ्याशेजारी. दोन्ही घरं एकमेकांना भिऊन होती. आणि अशी घरं जव्हार-मोखाड्यातच होती असं तुम्ही समजू नका.

देवराम आत गेला. माळ्याची शिडी लागल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या अंगावर धूळ होती आणि हातात तो तांबडा रुमाल. गाठ सुटेना. शेवटी त्यानं ती दातानं सोडवली. दवाखान्याचं कार्ड वर आलं. त्यावर पुढच्या तारखा ओळीनं घातलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढची जागा कोरी होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच वेळा तो तिला घेऊन गेला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवरच्या तारखा तपासणारा माणूस ते कार्ड हातात घेऊन सगळ्यांसमोर रडला.

"चुकलो मी, गोदा. मला वाटलं संपलं. खरं सांगू? संपलंय असं वाटून घेणं सोपं होतं."

राहीबाईंनी गोदाला हात धरून शेजारी बसवलं. "सुपारी आजच फुटेल," त्या म्हणाल्या, "आणि कमूच्या आईच्या हातानं फुटेल. लग्नाची तारीख मात्र दवाखान्याला विचारून धरू."

पुढच्याच आठवड्यात मुंबईला डॉक्टरांनी तपासलं. दुखणं परत आलं होतं. ते देवरामवर रागावले, आणि रागावून झाल्यावर म्हणाले, उशीर झाला आहे, पण हात टेकायची वेळ आलेली नाही. गाठ काढली, मग किती तरी आठवडे किरणांचे शेक दिले. गोदाची कातडी भाजून निघाली, अन्नावरची वासना गेली. एकदा तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी पुरती बरी होईन का हो?"

"ते वचन मी देणार नाही," ते म्हणाले. "हा रोग तुमच्या सोबत राहील असं धरून चला. त्याच्यावर नजर ठेवायचं काम आमचं आणि तुमचं. बाकी संसार करा, लेकीचं लग्न करा, भांडा, हसा."

कमूचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात झालं. गोदा मांडवात होती. ती आता चुलीपाशी बसत होती, सगळ्यांच्या पंगतीत जेवत होती. आक्कानं वेगळं ताट काढून टाकलं, पण गोदाचा तांब्या ती आणखी वर्षभर दोनदा घासत असे. माणसं काही एका दिवसात बदलत नाहीत. भीतीही गेली नाही. तपासणीची तारीख जवळ आली की गोदाची झोप उडायची, देवरामचं कचेरीत लक्ष लागायचं नाही. तारीख झाली, डॉक्टरांनी "ठीक आहे" म्हटलं की पुढचे चार महिने पुन्हा त्यांचे व्हायचे.

असं करता करता १९५८ साल उजाडलं. देवराम रजेचा अर्ज लिहीत होता. आजवर तो अर्जात "घरगुती अडचणीमुळे" असं लिहून मोकळा होई. त्या दिवशी त्यानं ते दोन शब्द लिहिले, थांबला, खोडले, आणि कारकुनी वळणदार अक्षरात लिहिलं, "माझ्या पत्नीस कर्करोग आहे. ती औषधोपचार घेत आहे. तिला तपासणीसाठी मुंबईस नेणे असल्याने तीन दिवसांची रजा मिळावी." अर्ज टेबलावरून टेबलावर गेला. तासाभरात सगळ्या कचेरीला ते कळलं. काही जणांनी माना खाली घातल्या, एकानं देवरामच्या तांब्यातलं पाणी पिणं टाळलं.

कचेरी सुटल्यावर शिपाई पुंजा त्याच्या मागोमाग बाहेर आला. कचेरी नजरेआड होईपर्यंत तो मागं मागं चालला.

"भाऊसाहेब," शेवटी तो म्हणाला, "तुमी कागदावर लिवलं म्हनं. माझ्या फागीच्या छातीत गाठ हाय. दोन महिनं झालं. कुनाला सांगितलं नाय. मला वाटलं, हे आमच्याच घरात आलंय."

देवराम जागीच थांबला. तीन वर्षं हा माणूस रोज त्याच्या शेजारी बसत होता, आणि तीन वर्षं तो स्वतः अर्जात "घरगुती अडचण" लिहीत होता!

"परवाच्या सकाळच्या गाडीला फागीला घेऊन ये," तो म्हणाला. "आम्ही आहोत बरोबर."

परवा सकाळी एसटीत फागी डोक्यावरून पदर घेऊन, कुणाला अंग लागू नये अशी आखडून दाराशी उभी राहिली. गोदानं सरकून जागा केली आणि तिला ओढून जवळ बसवलं. खांद्याला खांदा लागला. घाट उतरला. मग फागीनं हळूच विचारलं, "बाय, हे बरं व्हतं का?"

"लवकर दाखवलं तर पुष्कळांचं होतं," गोदा म्हणाली. "माझं नाही झालं. पण सहा वर्षं झाली, फागी, आणि बघ, मी तुझ्याशेजारी बसलेय."

नागरिकहो, रोगाला औषध डॉक्टर देतील. पण रोग्याला पडवीतून बाहेर आणणारं औषध कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही. ते तुमच्या-माझ्या घरात आहे. दुखणं जन्मभराचं असेल तर सोबतही जन्मभराची हवी, आणि दुखण्याचं नाव मोठ्यानं घ्यायला हवं. आपण ते घेत नाही, म्हणून शेजारची फागी गप्प राहते.